टिंबामागच्या फाइली

भनपुरीहून बोलतोय. मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. रायपूरचं हे टोक कारखान्यांचं आणि गोदामांचं, बिलासपूर रस्ता जवळच, आणि तो रात्रीही झोपत नाही. ई-बुक वाचणाऱ्यांची या त्रासातून सुटका आहे.

आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे आता दोन-तीन मशीनं असतात. ऑफिसातलं एक, घरचा लॅपटॉप एक आणि खिशातला फोन. तिन्हींवर हात सारखा चालावा असं आपल्याला वाटतं. कीबोर्ड तोच हवा, अक्षराचा आकार तोच, आपण तयार केलेली लघुरूपं तीच, शब्दकोशात घातलेले शब्द तेच. हे सगळं कुठेतरी छोट्या छोट्या फाइलींत लिहिलेलं असतं, त्यांना कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात. एखाद्या संगणकावर पाच वर्षं काम केलं की या फाइलींत तुमच्या हाताचं वळण उतरलेलं असतं. मग मशीन बदलतं, आणि ते वळण जुन्या मशीनवरच राहतं.

हे वळण सगळीकडे सारखं कसं ठेवायचं, या प्रश्नावर साठ वर्षं लोक डोकं चालवत आलेत. तो इतिहास बघताना मी एकच गोष्ट शोधत राहिलो, तीन ठिकाणी तीन प्रती असतील तर त्यातली खरी कुठली? प्रत्येक पिढीनं याचं वेगळं उत्तर दिलं आहे.

सुरुवात टिंबापासून करू. युनिक्स जातीच्या मशीनवर या फाइलींची नावं टिंबानं सुरू होतात, म्हणून त्यांना डॉटफाइल म्हणतात. फाइलींची यादी मागितली तर त्या दिसत नाहीत, मुद्दाम मागाव्या लागतात. हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं असेल असं वाटतं ना? तसं नाही. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते तेव्हा प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’, दोन टिंबं म्हणजे ‘याच्या वरचा’. यादी दाखवणाऱ्या एलएस या आज्ञेत त्या दोन नोंदी सारख्या डोळ्यांत खुपायच्या. म्हणून एक सोपा नियम घातला गेला, नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ते दाखवू नकोस. नियम हवा होता दोन नावांसाठी, पण लागू झाला टिंबानं सुरू होणाऱ्या प्रत्येक नावाला. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलं की आपल्या सेटिंगच्या फाइली ठेवायला ही छान अंधारी खोली आहे. एकेकानं आपापलं सामान तिथे आणून टाकलं.

ही हकिकत बेल लॅब्जमध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली गूगल प्लसवर लिहिली होती. घाईत घेतलेल्या आडवाटेची किंमत पुढे सगळे कशी मोजतात, हा त्यांचा मुद्दा. आणि गंमत बघा, गूगल प्लस २०१९च्या एप्रिलमध्ये बंद झालं. मूळ लेख मूळ जागी राहिला नाही. आज तो वाचता येतो तो इतरांनी वेळीच प्रती काढून ठेवल्या म्हणून.

बऱ्याच डॉटफाइलींच्या नावाच्या शेवटी ‘आरसी’ ही दोन अक्षरं येतात. बॅशआरसी, विमआरसी वगैरे. ती तर युनिक्सच्याही आधीची. एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती. तिथे लुई पूझाँ या फ्रेंच अभियंत्यानं १९६३-६४च्या सुमारास आज्ञांची यादी एका फाइलीत लिहून ती ओळीनं चालवण्याची सोय केली. नाव दिलं रनकॉम. त्याचं झालं आरसी. ‘शेल’ हा शब्दही याच पूझाँचा. म्हणजे आज तुम्ही लॅपटॉपवर ती फाइल उघडता तेव्हा साठ वर्षांपूर्वीची दोन अक्षरं तुमच्यासमोर असतात.

आता पहिलं उत्तर. सुरुवातीला तर प्रश्नच नव्हता, कारण मशीन एकच, पडदे अनेक. तुम्ही कुठल्याही टर्मिनलवर बसा, फाइली एकाच ठिकाणी. प्रश्न उभा राहिला तो टेबलाटेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन आल्यावर. एमआयटीनं १९८३ साली प्रोजेक्ट अथेना सुरू केला. विद्यार्थी आवारातल्या कुठल्याही वर्कस्टेशनवर बसेल, नाव आणि पासवर्ड देईल, की त्याचं घर तिथे हजर. घर म्हणजे होम डिरेक्टरी, सगळ्या डॉटफाइलींसकट. सनचं एनएफएस १९८४चं, तेही याच वाटेनं जाणारं. फाइली सर्व्हरवर एकदाच ठेवायच्या, मशीनं नुसती खिडक्या. खरी प्रत सर्व्हरवरची, वादाला जागाच नाही.

विंडोज एनटीच्या रोमिंग प्रोफाइलची तऱ्हा थोडी वेगळी होती. लॉगिन करताना सर्व्हरवरून सगळं सामान मशीनवर यायचं आणि निघताना परत जायचं. दोन मशीनांवर एकाच वेळी लॉगिन असेल तर जो शेवटी बाहेर पडला त्याचंच राहायचं. मोठ्या कार्यालयांत सकाळी दहा वाजता सगळे एकदम लॉगिन करायचे आणि नेटवर्क धापा टाकायचं, ही आठवण अनेकांना असेल. त्यावर अधिक बोलत नाही.

सर्व्हरवाल्या उत्तराला मोडलं लॅपटॉपनं. तार काढली की घर गेलं. यावर ज्यांनी सर्वांत खोल विचार केला त्यात एक भारतीय नाव आहे. महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासमधून शिकून कार्नेगी मेलन विद्यापीठात गेलेले. तिथे त्यांनी आधी अँड्र्यू फाइल सिस्टिमवर काम केलं आणि १९८७ पासून कोडा नावाची प्रणाली उभी केली. कल्पना आपल्याला ओळखीची वाटेल, पावसाळ्याआधीची बेगमी. जोडणी आहे तोवर लागणाऱ्या फाइलींचा साठा मशीननं स्वतःकडे करून ठेवायचा. काय साठवायचं याची यादी वापरणारा देऊ शकतो. तार तुटली की साठ्यावर काम चालू. पुन्हा जोडणी झाली की मधले सगळे बदल सर्व्हरकडे पाठवायचे.

आणि तिथेच अडचण उघडी पडली. तुमची तार तुटलेली असताना त्याच फाइलीत दुसरीकडे कुणी बदल केला असेल तर? कोडा बरेचसे झगडे स्वतः मिटवायचं, पण एकाच फाइलीत दोन बाजूंनी बदल झाले की निवाडा शेवटी माणसाकडे यायचा. मला यातला प्रामाणिकपणा फार आवडतो. दोघांपैकी कोण बरोबर हे यंत्राला कळत नसेल, तर त्यानं गुपचूप एकाला पुसून टाकू नये.

नेटवर्क संथ असण्याच्या काळात दुसरी एक अडचण होती, पाठवायचं किती. १९९६च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक हा प्रोग्राम जाहीर केला. त्याची युक्ती सांगण्यासारखी आहे. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे तो तिचे सारखे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याची छोटी खूण काढून पाठवतो, तुकडा नव्हे. ज्याच्याकडे नवी प्रत आहे तो आपल्या फाइलीवरून एक चौकट एकेक अक्षर पुढे सरकवत जातो आणि ती खूण कुठे जुळते ते बघतो. चौकट एक घर सरकली की खूण पुन्हा पहिल्यापासून काढावी लागत नाही, बाहेर गेलेलं अक्षर वजा आणि आत आलेलं मिळवायचं. जुळलं ते पाठवायचं नाही, न जुळलेलं तेवढंच पाठवायचं. एवढ्यानं मोडेमवरसुद्धा काम होऊ लागलं.

पण आरसिंकचा स्वभाव एकतर्फी आहे. तुम्ही सांगाल ती बाजू खरी, दुसरी तिच्यासारखी होणार. ऑफिसात बदल केला, घरी वेगळा बदल केला आणि रात्री आज्ञा उलट दिशेनं दिली, की दिवसभराचं पाणी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेंजामिन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी युनिसन लिहिलं. ते दोन्ही बाजू बघतं आणि भांडण असेल तिथे थांबून विचारतं. कोडाचीच वृत्ती, पण दोन साध्या मशीनांमध्ये.

इथून पुढे मला भनपुरीच्या व्यापाऱ्यांची वही आठवते. जुन्या पेढीवर कीर्द असायची आणि खतावणी असायची. खतावणीत कुणाच्या नावावर आज किती, ते कळायचं. कीर्दीत कुठल्या दिवशी काय घडलं, ते ओळीनं. वाद झाला की मुनीम खतावणी मिटायचा आणि कीर्द उघडायचा. आरसिंक खतावणी जुळवतं. कीर्द ठेवायची पद्धत प्रोग्रामरांकडे होतीच. वॉल्टर टिची यांचं आरसीएस १९८२चं, डिक ग्रून यांचं सीव्हीएस १९८६चं. पण ती सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी होती. स्वतःच्या घरातल्या फाइलींची कीर्द ठेवावी, हे कुणाला सुचेल?

जोई हेस यांना सुचलं. तेव्हा डेबियन प्रकल्पात काम करणारे हे गृहस्थ. त्यांनी आपली अख्खी होम डिरेक्टरी सीव्हीएसमध्ये घातली आणि २००२ साली लिनक्स जर्नलमध्ये त्यावर लेख लिहिला. कुठल्याही मशीनवर जायचं, एक आज्ञा द्यायची, घर उतरून घ्यायचं. निघताना बदल जमा करायचे. काय बदललं, कधी बदललं, ते कायम नोंदलेलं. सीव्हीएसला फाइलीचं नाव बदलणं धड जमत नसे आणि ते प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःचं एक फोल्डर करून ठेवायचं, पण तरी लोकांना वाट दिसली.

मग आलं २००५ आणि एक योगायोग. लिनक्सचं कर्नल तेव्हा बिटकीपर या खासगी प्रणालीवर सांभाळलं जायचं, फुकट परवान्यावर. आरसिंकवाल्याच अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी बोलू शकेल असा मोकळा प्रोग्राम लिहायला घेतला. कंपनीला ते रुचलं नाही, फुकट परवाना गेला. आपण काही गूढ केलं नाही हे दाखवायला ट्रिजेल यांनी त्या महिन्यात भर सभेत बिटकीपरच्या सर्व्हरला थेट जोडणी केली आणि ‘हेल्प’ असं टाइप केलं. सर्व्हरनं आज्ञांची यादी दिली. तिकडे लायनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलपर्यंत गिट स्वतःचीच कीर्द स्वतःमध्ये ठेवत होतं.

गिटचं उत्तर आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. प्रत्येक मशीनवर पूर्ण कीर्द. मुख्य सर्व्हर असा नाहीच, तुम्ही ज्याला मानाल तो. तार नसताना बदल करा, नोंदवा, नंतर जुळवा. जुळत नसेल तर ते ओरडून सांगतं आणि थांबतं. २००८ साली गिटहब आलं आणि लोक आपल्या डॉटफाइली तिथे उघड्यावर ठेवू लागले. हे मला जरा आश्चर्याचंच वाटतं. जी फाइल दिसू नये म्हणून टिंबामागे गेली, ती जगाला दाखवायची हौस. पण त्यातून लोक शिकले, एकमेकांच्या युक्त्या उचलल्या. दुवे बांधून देणारं जीएनयू स्टो हे १९९३चं अवजार दुसऱ्याच कामासाठी केलेलं होतं, तेही या कामाला जुंपलं गेलं.

उघड्यावर ठेवण्याचा धोकाही लगेच दिसला. या फाइलींच्या शेजारीच किल्ल्या असतात, म्हणजे सर्व्हरवर जाण्याच्या खासगी कळा आणि पासवर्ड. २०१३च्या जानेवारीत गिटहबनं शोधण्याची नवी सोय दिली आणि लोकांनी चुकून चढवलेल्या खासगी किल्ल्या शोधात भराभर सापडू लागल्या. आणि गिटमध्ये नुसती फाइल पुसून भागत नाही. खतावणीतून नाव गेलं तरी कीर्दीत ते आहेच. अशी किल्ली बाहेर गेली तर कुलूपच बदलायचं, दुसरा उपाय नाही.

आता आपल्या घरात येऊ. छत्तीसगडात मराठी आजची नाही. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला होते. पण रायपूरच्या मराठी माणसाचं मशीन हिंदीत वाढतं. युनिकोडच्या आधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना आठवेल. ऑफिसात कृतिदेव, पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडे श्रीलिपी किंवा सीडॅकचे फॉन्ट. कृतिदेवमध्ये ‘का’ लिहिलं की फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी डी आणि के साठवले जायचे, फॉन्ट त्यांच्यावर क आणि काना चढवायचा. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की पत्र म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चुरा. म्हणून फ्लॉपीवर पत्राबरोबर फॉन्टही पाठवायचा. ते सिंकच होतं, हातानं केलेलं.

यावर एक निराळंच उत्तर भारतात तयार झालं होतं, आणि त्यात मोहन तांबे यांचं नाव घ्यायलाच हवं. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी टर्मिनलवर काम, पुढे पुण्याच्या सीडॅकमध्ये जिस्ट. याच वाटचालीत इनस्क्रिप्ट कीबोर्ड आला, तो १९८६ साली सरकारी मानक झाला. सांकेतिक क्रमांकांची इस्की प्रणाली १९९१ साली भारतीय मानक झाली, आणि युनिकोडमधली देवनागरी इस्कीच्या १९८८च्या रूपावर बसवलेली आहे. विचार असा की कीबोर्ड सगळ्या मशीनांवर आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. सेटिंग बरोबर न्यायची गरजच नको. मला हे उत्तर गिटपेक्षाही मोठं वाटतं. ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे ते सिंक करावं लागत नाही. हिंदी इनस्क्रिप्ट लावलेल्या मशीनवरही ल च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ळ येतो आणि र च्या कळीवर शिफ्ट दाबलं की ‘दुसऱ्या’ मधला ऱ येतो. ज्यांनी उच्चारावरून टाइप करायची सवय लावून घेतली त्यांना हे दोन्ही दर मशीनवर नव्यानं शोधावं लागतं.

अशा टंकनासाठी गूगलचा विंडोजवर उतरवून घ्यायचा इनपुट टूल्स प्रोग्राम अनेक मराठी घरांत होता. गूगलनं तो पुढे देणं बंद केलं. नवा लॅपटॉप घेणारे लोक मग जुन्या पेनड्राइव्हवरची प्रत शोधत बसले. ब्राउझरचंही तसंच. क्रोमची सिंक सोय क्रोमियम या मोकळ्या भावंडालाही मिळत होती. गूगलनं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं आणि १५ मार्चपासून ती तोडली. फेडोरा, डेबियन, आर्च वापरणाऱ्यांचे बुकमार्क आणि पासवर्ड त्या मशीनवर जागेवर राहिले, दुसऱ्या मशीनवर जाणं थांबलं. कंपनीच्या खात्यातून होणारं सिंक हे प्रोजेक्ट अथेनाचंच उत्तर आहे, खरी प्रत सर्व्हरवर. फरक एवढाच की अथेनाचा सर्व्हर ज्या विद्यापीठाचा, विद्यार्थीही त्याचेच होते.

म्हणून माझा कल असा. ज्या सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असतात त्या गिटमध्ये, खासगी ठिकाणी, किल्ल्या वगळून. शब्दकोशात घातलेले शब्द, लघुरूपांची यादी, संपादकाच्या सवयी हे सगळं त्यात बसतं. दोन मशीनांत थोडा फरक लागतोच, ऑफिसात प्रॉक्सी असते, घरी नसते. त्यासाठी शेमॉयसारखी अवजारं मूळ साचा एक ठेवून मशीनप्रमाणे ओळी बदलून देतात. फोन यात बसत नाही. फोनच्या कीबोर्डनं शिकलेले शब्द त्याच्या पोटात असतात, उघडून वाचता येतील अशा फाइलीत नाहीत. इथे रायपुरात दिवसभर हिंदीत निरोप लिहिल्यावर संध्याकाळी ‘नाही’ लिहायला घेतलं की तो ‘नहीं’ पुढे करतो, आणि ती त्याची चूक म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच फाइलीबरोबर जात नाही. ल. महाराष्ट्र शासनानं नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले. हिंदीतली रूपं वेगळी. युनिकोडमध्ये मात्र ल एकच आहे, क्रमांक एकच. कुठला आकार दाखवायचा ते फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतील तर मजकुराची भाषा मराठी आहे असं त्याला कुणीतरी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो आपल्या मूळ आकारावर जातो. त्यामुळे तेच पत्र, तीच अक्षरं, एकही टिंब इकडचं तिकडे नाही, तरी पुण्यात एक ल दिसतो आणि भनपुरीत दुसरा. लिनक्सवर ही एका ओळीची सेटिंग आहे, भाषा मराठी, देश भारत, आणि ती डॉटफाइलीत बसते. वेब पानावर ते पान लिहिणाऱ्यानं भाषा नोंदवावी लागते. फोनवर सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तिथे मराठी बोटानं धरून हिंदीच्या वर सरकवायची, आणि फोन बदलला की पुन्हा एकदा सरकवायची.